दुसरं कडवं

ऑक्टोबरात एक सकाळ अशी येते की घर तापवणारी फर्नेस वर्षात पहिल्यांदा आपोआप चालू होते. उन्हाळाभर नळ्यांमध्ये साठलेली धूळ जळते, आणि तो करपट वास जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्याखोल्यांत पसरतो. आमच्या शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या शेजारणींना या वासाने बरं वाटतं. आता सूप करायचं, स्वेटर काढायचे, भोपळे आणायचे, असं त्या सांगतात. मला मात्र हा वास नकोसा होतो. खिडकीबाहेर मेपल लालभडक झालेला असतो, आणि मी हातात चहाचा कप घेऊन उगाचच दाराची कडी लागलीय ना ते बघून येते.

मी मूळची भित्री. कुत्र्यांना भिते, बर्फावर गाडी चालवायला भिते, इमिग्रेशनकडून आलेलं पाकीट फोडायलाही भिते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तर त्याचं अख्खं बिऱ्हाड असायचं. पण चौऱ्याऐंशी सालच्या त्या फॉलमध्ये मी ज्याला घाबरले ते एक गाणं होतं. तेही इंग्रजी, प्रेमाचं, रेडिओवर दिवसातून दहादा लागणारं.

सुजाता, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. इथेच जन्मलेली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरातला रिवाज होता. त्या वर्षी एका नव्या पोरीने ते जुनं गाणं सिंथेसायझरवर पुन्हा गायलं होतं. सुजू केसांचा ब्रश माईकसारखा धरून ते आरशासमोर गायची. अर्थ साधा होता. मी वाटेत आहे, तुझ्या टेबलाशी माझी खुर्ची राखून ठेव, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस.

मी तेव्हा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर डोरथी काम करायची. शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेली काळी बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना सतत गुणगुणायची. एकदा मी कौतुकाने तिला सांगितलं की माझी मुलगी सध्या ते नवीन गाणं गाते. डोरथीने हातातलं काम थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नवीन?" ती म्हणाली. "हनी, ते गाणं माझ्या आईपेक्षा म्हातारं आहे."

मग पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने मला त्या गाण्याची कुळकथा सांगितली. मुळात ते दक्षिणेतल्या चर्चमधलं. तिथे टेबल देवाचं आणि खुर्ची स्वर्गातली. साठच्या दशकात चर्चच्या कॉयरमधल्या एका तरुण मुलीने देवाच्या जागी प्रियकर घातला आणि रेकॉर्ड काढली. काळ्या वस्त्यांमध्ये घराघरांत ती वाजली, पण चर्चने त्या मुलीला दार बंद केलं. तिची सख्खी आई तिच्याशी कित्येक वर्षं बोलली नाही. मग एका गोऱ्या पोराने गिटारवर तेच गाणं संथ करून म्हटलं, आणि ते देशभर गाजलं. ते त्याचंच, असं लोक अजून समजतात. मग डिस्कोवाल्यांनी त्याला नाचवलं. आणि आता ही सिंथेसायझरवाली.

"सगळ्यांनी खुर्ची घेतली," डोरथी म्हणाली, "पण दुसरं कडवं कुणी घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला एक कॅसेट आणून दिली. तिच्या भाच्याने चारही गाणी एकापाठोपाठ एक भरली होती. आमच्या गाडीत, लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये, मधुकर म्हणजे माझा नवरा, मी आणि मागे सुजू अशा आम्ही तिघांनी ती ऐकली. पहिली बाई गायला लागली तेव्हा मधुकरने इंजिन बंद केलं. आवाजात खरखर होती, श्वास घेतलेला ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यात ती म्हणते, आजवर मी मागच्या दाराने आले, तुमच्या स्वयंपाकघरात उभ्याने जेवले. आज मी पुढच्या दाराने येणार आहे. गोऱ्या पोराच्या गाण्यात त्या ठिकाणी नुसती गिटार होती. डिस्कोत व्हायोलिनं होती. नव्या पोरीच्या गाण्यात तर ती जागाही शिल्लक नव्हती, दुसरं कडवं म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलेलं.

मधुकर बराच वेळ स्टिअरिंगवर ताल धरून बसला होता. मग म्हणाला, "कुंदा, ही तर चाल आहे गं."

आता चाल म्हणजे काय ते सांगायला हवं. मधुकरचे वडील नागपूरला गिरणीत कामाला होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत गायचे. भीमजयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांनी रचलेली भीमगीतं वस्तीत गाजायची. चाल स्वतःची बांधायला वेळ कुणाला होता? सिनेमातलं गाजलेलं गाणं घ्यायचं, त्यातली प्रेयसी, चांदणं, विरह काढून टाकायचं आणि आपले शब्द बसवायचे. मग आठ आण्यांची पुस्तिका छापायची आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लिहायचं, 'चाल:', आणि पुढे त्या सिनेगीताची पहिली ओळ. लपवाछपवी नाही. कुणाची चाल घेतली ते आधी सांगायचं, मग आपलं म्हणायचं. डोरथीच्या लोकांनी देवाला उठवून प्रियकराला बसवलं. आमच्या लोकांनी प्रियकराला उठवून आपल्या बापाला बसवलं. बाप म्हणजे ज्याने आम्हाला माणसात आणलं तो.

मधुकरने तीन संध्याकाळी बसून त्या गाण्याला मराठी शब्द लिहिले. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे, इंग्रजी अक्षरांत, कारण सुजूला देवनागरी येत नव्हती. पहिलं कडवं कुणीही म्हणावं असं साधं होतं, जागा राखून ठेव वगैरे. दुसऱ्यात शाळेच्या दाराबाहेर गोणपाटावर बसून शिकणारा मुलगा होता, आणि त्याची लेक आज वर्गात पहिल्या बाकावर. पेटीवर त्याची बोटं इतक्या मोकळेपणी फिरताना मी अमेरिकेत आल्यापासून पाहिली नव्हती. सुजूने दोन दिवसांत ते पाठ केलं. अर्थ तिला फारसा कळत नव्हता. बाबांनी आपल्यासाठी गाणं लिहिलं, एवढं तिला पुरत होतं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकायचे. मला आनंद झाला होता, हेही सांगते. तो दोन दिवस टिकला.

आमचं आडनाव इंगळे. हे आडनाव विदर्भात सगळ्यांत सापडतं. "इंगळे म्हणजे कुठले?" असं विचारलं की "नागपूरचे" म्हणायचं आणि लगेच संत्र्यांवर बोलायला लागायचं, ही युक्ती मी मंडळात पहिल्याच वर्षी शिकले. मंडळ म्हणजे आमच्या आसपासच्या उपनगरांतली पन्नासेक मराठी घरं. गणपती, दिवाळी, संक्रांत. मी सगळीकडे जायचे, आरतीला टाळ्या वाजवायचे, हळदीकुंकवाची बोटं लावून घ्यायचे. मधुकर गप्प राहायचा. सुजाता हे नावसुद्धा मी हट्टाने ठेवलं, कारण ते आपल्यात चालतं आणि त्यांच्यातही.

का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एक पुण्याची खोली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईंकडे पेइंग गेस्ट होते. फार प्रेमळ बाई. माझ्या केसांना तेल लावून द्यायच्या. एकदा चादर बदलताना त्यांना माझ्या उशीखाली गाण्यांची तसली पुस्तिका दिसली. रात्री माझं ताट गॅलरीत मांडलेलं होतं, आणि त्या म्हणाल्या, "आत पाहुणे यायचेत हो." पाहुणे आले नाहीत. पुढचे पाच महिने ताट गॅलरीतच होतं आणि त्या मला रोज हसून वाढत होत्या. कुणी शिवी दिली असती तर मी ती विसरले असते. ते हसू मला विसरता येत नाही.

आणि इथे सुलभाताई होत्या. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. सुजूच्या वेळी माझी आई इथे येऊ शकली नाही, तेव्हा अळिवाचे लाडू सुलभाताईंनी केले, बाळाला अंघोळ त्यांनी घातली. मी कामावर जायला लागल्यावर शाळेची बस सुजूला त्यांच्या दारात सोडायची. साडेतीन ते सहा ती त्यांच्याकडे. काकूंच्या हातचा गूळतुपाचा पोळीचा रोल खाऊन माझी पोर वाढली. मंडळाची सांस्कृतिक समितीही त्याच बघायच्या. त्यांना कळलं तर काय होईल, याचा विचार मी नऊ वर्षं टाळला होता.

पण त्या सप्टेंबरात त्यांच्याच घरी, पोहे खाताना, एक बाई न्यू जर्सीत पार्सिपनीला नव्या आलेल्या कुटुंबाबद्दल सांगत होती. तिची बहीण तिकडे राहायची. "त्यांच्यातले आहेत म्हणे. जयभीमवाले. पण राहतात छान हं, एकदम क्लीन." मी हातातल्या बशीकडे पाहत होते आणि कान सुलभाताईंकडे होते. त्या काय म्हणतात याच्यावर माझा जीव टांगला होता. त्या म्हणाल्या, "पोहे गार होतायत, घ्या गं." बस, एवढंच. या एका वाक्याचे मी महिनाभर अर्थ लावले. विषय बदलला तो आवडला नाही म्हणून, की त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून, की खरोखर पोहे गार होत होते?

दिवाळीच्या कार्यक्रमाचा फॉर्म सुजूने स्वतः भरला. मुलांनी आपापला आयटेम लिहून द्यायचा होता. बाबांनी तिला पुस्तिकांची पद्धत सांगितली होती, म्हणून तिने इमानदारीत गाण्याच्या नावाखाली लिहिलं, 'Chaal', आणि पुढे त्या इंग्रजी गाण्याची पहिली ओळ. आजोबा लिहायचे तसं. मी तो फॉर्म न वाचताच सही करून दिला.

संध्याकाळी सुलभाताईंचा फोन आला. "अगं कुंदा, सुजूने चाल म्हणून लिहिलंय. म्हणजे मराठी शब्द बसवलेत की काय? कोणी, मधुकररावांनी?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही हो, तिने आपलं काहीतरी..."

"ती मला आत्ता म्हणून दाखवत होती की. पहिलं कडवं ऐकलं, गोड आहे गं! पुढचं म्हणणार तेवढ्यात तुझा हॉर्न वाजला. तेच मराठी गाऊ दे हं. नाहीतरी सगळी पोरं इंग्रजीच फाडतात. मी प्रोग्रॅममध्ये तसंच टाइप करते."

चोराच्या मनात चांदणं. त्या 'पुढचं' म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला, असं मला वाटलं. नसेलही बदलला. मी रिसीव्हर ठेवला आणि त्याच जळक्या वासात, कारण फर्नेस त्याच दिवशी सुरू झाली होती, खुर्चीवर बसून राहिले.

मधुकरला मी सांगितलं की दुसरं कडवं काढून टाक. तो म्हणाला, "गोऱ्या पोरासारखं?"

"तसं म्हण. पण काढ."

"कुंदा, गाणं आहे यार ते. दोन ओळी आहेत. आणि त्यात शिवी आहे का कुणाला?"

"सुजू शाळेतून आल्यावर दार कोण उघडतं, ते आधी आठव," मी म्हणाले.

त्याने कडवं काढलं नाही. सुजू गाईल तसं गाऊ दे, एवढंच म्हणाला. त्या दोन आठवड्यांत मी नीट झोपले नाही, लॅबमध्ये दोनदा नळ्या उलटसुलट लावल्या, आणि रोज सहा वाजता सुलभाताईंच्या दारात उभी राहून त्यांचं हसू निरखायचे, कालच्यासारखं आहे का म्हणून. ते होतं कालच्यासारखंच. पुण्याच्या बाईंचंही होतं.

कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात होता. फरशीच्या पॉलिशचा आणि सांडलेल्या दुधाचा वास, त्यात ॲल्युमिनियमच्या ट्रेमधल्या चिवड्याचा. मुलींच्या बाथरूममध्ये, लहान मुलांच्या उंचीच्या बेसिनांसमोर वाकून बायका नऊवारी नेसत होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सुलभाताईंनी शेजारी जागा धरली होती. मधुकर स्टेजवर एका बाजूला पेटी घेऊन बसला. सुजूला मी हिरवं परकर-पोलकं घातलं होतं आणि खाली, थंडी म्हणून, शाळेचे पांढरे मोजे.

पहिलं कडवं ती सुरेख गायली. तिचे मराठी उच्चार जरा अमेरिकन, पण सूर पक्का. लोक कौतुकाने हसत होते. धृपद झालं. पेटीवर मधली जागा वाजली. आणि तोंड उघडण्यापूर्वी सुजूने माझ्याकडे पाहिलं.

मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. आपण कोण, ते कोण, पुणं, गॅलरी, काहीच नाही. तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पण माझा चेहरा तिला नऊ वर्षं पाठ होता. आणि मी मान हलवली. इतकीशी. शेजारच्या सुलभाताईंनाही दिसणार नाही एवढीच. नको.

सुजूने तोंड मिटलं. एक मात्रा रिकामी गेली. मग तिने ते अख्खं कडवं बंद ओठांनी गुणगुणून म्हटलं, एकही शब्द न उच्चारता, एकही सूर न चुकवता. मधुकरने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची बोटं वाजवत राहिली. कडवं संपल्यावर सुजूने धृपद पुन्हा शब्दांत म्हटलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सुलभाताईंनी तिला कडेवर घ्यावं तशी जवळ ओढली. "दुसरं कडवं विसरलीस ना गं पिल्लू? पण काय निभावून नेलंस!"

"येस, काकू," सुजू म्हणाली. "आय फर्गॉट."

माझ्या देखत माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला पुढे वाटली. त्या क्षणी फक्त सुटका होती, आणि भूक. मी दोनदा मसालेभात घेतला.

आम्ही गाडीने घरी निघालो. मग मागून आवाज आला, "आई, आर दोज बॅड वर्ड्स?"

"नाही बेटा. चांगले आहेत. फक्त तिथे नको होते."

"देन व्हेअर?"

मधुकरने वायपर चालू केले. पाऊस नव्हता. तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर मधुकरने कशालाही शब्द लावले नाहीत. भांडला नाही, टोचून बोलला नाही. पेटी तेवढी बेसमेंटमध्ये ठेवली.

सोमवारी लॅबमध्ये मी डोरथीला सगळं सांगितलं. तिला सगळं सांगता येतं हे मला त्याच दिवशी कळलं. मला वाटलं ती म्हणेल, हनी, तू आई आहेस, पोरीचा विचार केलास. ती म्हणाली, "म्हणजे तिच्या बापाने ते दुसरं कडवं परत आणलं, आणि तू ते पुन्हा काढलंस." मग हातमोजे घातले आणि कामाला लागली. दुपारी तिने नेहमीप्रमाणे तिच्या डब्यातला अर्धा पीच पाय माझ्यापुढे सरकवला, पण त्या दिवशी ती गुणगुणत नव्हती.

सुलभाताई आता ॲरिझोनात मुलाकडे असतात. दर दिवाळीला फोन करतात, सुजूची चौकशी करतात. त्या कशा वागल्या असत्या, ते मला आजही माहीत नाही. कदाचित 'छान लिहिलंय हो मधुकरराव' म्हणाल्या असत्या आणि पोळीचा रोल उद्याही तसाच मिळाला असता. मी त्यांना तशी संधीच दिली नाही. नऊ वर्षं ज्यांनी माझ्या लेकीला भरवलं त्यांच्याबद्दल मी वाईटच धरून चालले. भीती माणसाला अशी कृतघ्न करते. आणि तरी, खरं सांगते, आज तो कॅफेटेरिया समोर आला तर मी मान हलवणार नाही, अशी खात्री मला देता येत नाही.

मधुकर जाऊन तीन वर्षं झाली. परवा सुजाता आली होती. ती आता पन्नाशीला आलीय, मुलांचे दात बघते, स्वतःचा दवाखाना आहे. अंगणातली पानं गोळा करून पोती भरली, हात धुतले आणि ओट्याला टेकून तिने फोनवर मला एक गाणं लावून दिलं. तेच. कुठल्याशा तरुण काळ्या मुलीने पुन्हा गायलंय, आणि यावेळी मूळ दुसऱ्या कडव्यासकट. मागचं दार, उभ्याने जेवण, सगळं. ते संपल्यावर सुजाता म्हणाली, "आई, बाबांचं सेकंड व्हर्स काय होतं? आय ओन्ली रिमेंबर द ट्यून. मला वर्ड्स हवेत."

मला ते शब्दन् शब्द पाठ होते. इतक्या वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते, पण एक मात्राही हललेली नव्हती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. तिची मुलं परगावी, शेजारी कामावर, भर दुपार. मी सांगायला सुरुवात केली.

"दाराबाहेर बसून शिकला माझा बाप, त्याच्या लेकीला कोण म्हणेल आता, ऊठ..."

सुजाता ओट्यावरून पुढे वाकली, आणखी वाकली, मग तिने कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "व्हाय आर यू व्हिस्परिंग?"